उलटी वाट

जगातली बहुतेक कामे पुढे बघून करायची असतात. दोर वळण्याचे काम मागे चालत करावे लागते. कमरेला घायपाताच्या वाखाचा गठ्ठा गुंडाळायचा, दोन्ही हातांनी तंतू सोडत राहायचे आणि एकेक पाऊल मागे टाकत जायचे. समोर, दूर, घराच्या भिंतीपाशी दुसरे माणूस चाक फिरवत असते. तंतूंना पीळ बसतो, सूत लांबत जाते. मागे काय आहे ते डोळ्यांना नाही, पायांना माहीत असावे लागते. दोरवालीच्या पायांना लग्न झाल्यापासूनचे ते पाठ होते. म्हणून त्या सकाळी पाठीत काटे घुसले तेव्हा काय झाले हेच तिला आधी कळेना.

मागे काटेरी तार होती. काल नव्हती.

"थांबलीस का?" चाकावरून सासरे ओरडले. "पीळ बसतोय जास्त."

तिने तंतू सोडले नाहीत. हातातले सूत तसेच धरून, पाठीला चिकटलेला पदर तारेतून सोडवत ती उभी राहिली. तारेपलीकडे रिटायर झालेला कंडक्टर नव्या खांबाला चुना लावत होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

"लागलं का हो वहिनी? हाक मारणारच होतो, पण तुम्ही पाठमोऱ्या. म्हटलं दचकाल."

"ही तार कुणी लावली?"

"मी. दगडापर्यंत तुमचं, दगडापलीकडं माझं. दगड काही मी खिशातून आणलेला नाही."

दगड तिथे होताच. गुडघाभर उंच, काळा, हद्दीचा. त्यापलीकडचे पडीक शेत परगावच्या मालकाचे, आणि तो कधी फिरकत नसे. त्यामुळे दगड ओलांडून पार पाणी वाहायच्या चरापर्यंत जायची दोरवाल्यांची वहिवाट होती. रस्ता आणि शेते यांच्यामधल्या त्या लांबलचक अरुंद पट्टीला गाव उलटी वाट म्हणे. आता ते शेत कंडक्टरने घेतले होते, आणि उलटी वाट मध्येच तुटली होती.

दोरवालीचा नवरा धावत आला. त्याला सगळे गाव सबुरी म्हणायचे, कारण घराला आग लागली तरी तो आधी "सबुरीनं घेऊ" म्हणाला असता. तारेकडे बघून, बायकोच्या पाठीवरचे रक्त बघून तो तेच म्हणाला. तिने त्याच्याकडे असे पाहिले की पुढचा शब्द त्याने गिळला.

प्रश्न नावेच्या दोराचा होता. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला असतो, त्याला धरून नाव पलीकडे जाते. पाणी वाढायच्या आत नवा दोर हवा असे नावाड्याने सांगून ठेवले होते. घराची वर्षाची मदार त्या एका दोरावर. बारीक दोऱ्या दुकानात प्लास्टिकच्या मिळू लागल्या होत्या, त्या कुणी दोरवाल्याकडे मागेना. आणि नावेचा दोर तेवढ्याच लांबीच्या जागेवर वळता येत नाही. पेड एकमेकांत पिळले की आखडतात, म्हणून जागा दोराहून लांब लागते. तारेच्या अलीकडे ती मावत नव्हती.

"दोन तुकडे करून सांधू," सबुरी नावाड्याला भीतभीत म्हणाला.

नावाडी शांतपणे म्हणाला, "सांधलेला मी घेत नाही. मधोमध सुटला तर माणसं कुणाच्या नावानं रडतील? जमत नसेल तर सांग, मी शहरातून आणतो." मग दोरवालीकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या हातचा मिळाला तर बरंच की. पण लवकर काय ते ठरवा."

तिघे जेवायला बसले. सासरे म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळी नावेचा सबंध दोर दगडाच्या अलीकडं मावायचा."

"तेव्हा दोर आखूड असेल," सबुरी म्हणाला.

"नदी काय रुंद झाली मधे? दोर तेवढाच आहे."

दोरवालीचा घास हातातच राहिला. दोर तेवढाच, नदी तेवढीच, घर जिथल्या तिथे. मग कमी काय झाले?

"मालकानं दगड सरकवला," ती म्हणाली. "आधीच्या. आपल्याकडं ढकलत आणला आणि मग विकून मोकळा झाला."

"असंल," सासरे म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. "पण आपल्याकडं कुठं कागद आहे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती कचेरीत गेली. रांगेत उभी राहिली, ती रांग दुसऱ्याच कामाची निघाली. मग दुसऱ्या रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता विचारले, "काय हवं?"

"आमच्या जागेचा कागद."

"नाव?"

तिने सासऱ्यांचे नाव सांगितले. कारकुनाने शोधले. मन लावून शोधले, हे कबूल करायला हवे.

"या नावावर घर आहे. घराखेरीज काही नाही."

"घरापुढची लांब जागा..."

"नाही म्हणतोय ना बाई. नावावर काही नाही तर काय देऊ, माझ्या घरचं देऊ? पुढचा."

मागचे दोघे हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, पण रांगेत उभ्या माणसाला कशाचेही हसू येते. कोपरे अंगाशी आवळून ती बाहेर आली. बसमध्ये जागा असूनही ती उभीच राहिली, कारण पाठ टेकली की काट्यांच्या जखमा दुखत होत्या. नावावर काही नाही, हे तिला माहीत नव्हते असे नाही. पण ते खिडकीतून चार लोकांत मोठ्याने ऐकणे वेगळे होते, आणि ते तिला फार लागले.

सबुरी शेळ्यांची दावी वळायला बसला. दाव्याला काय, अंगण पुरते. तोंडाने काही बोलला नाही, पण खडी फोडायच्या कामावर माणसे घेतात का याची चौकशी करून आला होता, हे तिला शेजारणीकडून कळले. चाक भिंतीला लागून उभे होते. सासरे येता-जाता त्यावरची धूळ हाताने पुसत.

बाजाराच्या दिवशी ती दावी विकायला कचेरीच्या गावी गेली. कचेरीच्या पायऱ्यांशी एक म्हातारा पेटीवर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. त्याच्या पेटीची कडी तुटली होती आणि त्याला बांधायला दोरी हवी होती. दावे हातात घेऊन त्याने ताणून बघितले, वास घेतला.

"स्वतः वळता?"

"वळत होतो," ती म्हणाली, आणि त्या 'होतो'वर तिचा आवाज फुटला. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तिला पायरीवर बसवून घेतले. तिने सगळे सांगितले.

"खिडकीत काय मागितलंत?"

"आमच्या जागेचा कागद."

"जागा तुमची आहे?"

"हो. म्हणजे... नाही. म्हणजे आम्ही वापरतो."

"मग नावानं कशी सापडेल? काखेत कळसा आणि गावाला वळसा. अहो, आत माणसं ओळीनं लावलेली नाहीत, जमीन लावलीय, नंबरानं. त्या जागेला लागून ज्याचं शेत आहे त्याचा नंबर आणा. आणि कागद मागू नका. गावचा जुना नकाशा बघायचाय म्हणा."

तिने उरलेली दावी नीट रचली. मग हळूच म्हणाली, "लोकांच्या शेताचा कागद मी मागायचा? बरं दिसतं का ते?"

"का नाही दिसत?"

"दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं."

म्हातारा दावे पेटीला आवळत हसला. "नकाशा म्हणजे शेजारणीच्या चुलीवरचं भांडं नव्हे, झाकण उचलायला लाज वाटायला. तो सगळ्यांचा आहे. कुणीही मागावा. कशाला हवा, हेसुद्धा सांगायला लागत नाही. विचारलं तर म्हणा, बघायचाय. आणि दिला अर्ज की पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही."

नंबर कंडक्टरलाच विचारायचा, असे तिने ठरवले. दुसरीकडून काढता आला असता, पण शेजाऱ्याच्या पाठीमागे काही करणे तिच्या स्वभावात नव्हते. सबुरी म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, नको, तुम्ही आलात की आपण सबुरीनं परत येऊ.

कंडक्टर नव्या झोपडीच्या दाराला रंग देत होता. त्याने तिला बसायला पिंप उलटे करून दिले.

"नंबर कशाला हवाय?"

"गावचा नकाशा काढायचाय. दगड कुठं होता ते बघायला."

त्याचा हात थांबला. रंगाचा ओघळ दारावरून खाली आला, तो त्याने पुसलाही नाही. "वहिनी, सगळी नोकरी मी उभ्यानं केली. लोकांना बसायला जागा करून दिली आणि स्वतः दांडा धरून उभा राहिलो. आता कुठं बसायला एक तुकडा घेतलाय. तोही काढून घेणार का?"

"तुमचं आहे ते कोण काढून घेईल?" ती म्हणाली. "पण आमचं असलं तर?"

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग आत जाऊन खरेदीचा कागद घेऊन आला आणि त्यावरचा नंबर त्याने तिला चिठ्ठीवर उतरवून दिला. "नाही दिला तर मलाच खोट्यासारखं वाटत राहील," तो म्हणाला. चहा मात्र विचारला नाही.

या वेळी कचेरीत तिने नाव सांगितलेच नाही. नंबर सांगितला आणि म्हणाली, नकाशा बघायचाय. कारकुनाने तिच्याकडे पाहिले, बोटाने जिना दाखवला. वरच्या खोलीत नकला देणाऱ्या बाई होत्या. खोलीला जुन्या कापडाचा वास होता. बाईंनी गुंडाळी काढून मोठ्या टेबलावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर पुस्तके ठेवली.

"आधी नीट बघून घ्या ताई. कुठल्या भागाची नक्कल हवी ते ठरवा, मगच अर्ज लिहा. लोक बघत नाहीत आणि भलत्याच भागाची नक्कल घेऊन जातात."

दोरवालीने पाहिले. नुसत्या रेघा. मुंग्यांनी वारूळ सोडून पळ काढावा तसे आकडे. नदी तेवढी कळली, कारण ती निळी होती. घाम आला. बाई आपल्या कामाला लागल्या होत्या, त्यांना पुन्हा काय विचारायचे? नदीवरून रस्ता, रस्त्यावरून वळण, असे बोट फिरवत ती वळणापर्यंत पोचली आणि तिथे अडकली. सगळे उलटे वाटत होते. मग तिच्या लक्षात आले. ती टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, आपले घर समोर येईल आणि चर पाठीशी राहील अशी उभी राहिली. रोज ती तशीच तर उभी असायची.

वाट लगेच दिसली. दोन बारीक रेघा, शेजारी शेजारी, घरापासून निघून तिच्या पोटाकडे येणाऱ्या.

"बाई, याच्यात नंबर का नाही?"

बाई उठून आल्या. "नाही म्हणजे ती कुणाच्या मालकीची नाही. गावाची मोकळी जागा. सगळ्यांसाठी ठेवलेली."

"आणि ही खूण?"

"हद्दीचा दगड. चराच्या काठावर दिसतोय."

"चराच्या?" तिने बोट ठेवले, उचलले, परत ठेवले. "पण दगड तर इथं आहे. कितीतरी अलीकडं."

"जमिनीवर कुठं आहे ते मला नाही माहीत. कागदावर इथं आहे." बाईंनी अर्जाचा कोरा कागद पुढे केला. "लिहा. या शेताची ही बाजू आणि लागून असलेली पट्टी, मापांसकट. मापं मागायला विसरू नका."

तिने लिहिले, पोच घेतली. सांगितलेल्या दिवशी गेली तर साहेब रजेवर, सही नाही. पुन्हा गेली तर शाई संपलेली, शिक्का उमटेना. दर वेळी ती पोच पुढे करायची आणि दर वेळी कारकुनाची 'पुढचा' म्हणायची घाई थोडी कमी व्हायची. शेवटच्या वेळी तर तोच म्हणाला, "बसा, वरून खाली आलीय तुमची नक्कल, देतो." तोवर नदीचे पाणी गढूळ व्हायला लागले होते.

मोजायच्या दिवशी गवंडी टेप घेऊन आला. कंडक्टर आपला खरेदीचा कागद घेऊन आला. सासरे काठी टेकत आले आणि जरा लांबच उभे राहिले. शेताच्या पलीकडच्या पक्क्या बांधापासून टेप धरली, कागदावरची लांबी जिथे संपली तिथे गवंड्याने खुंटी ठोकली. ती चराच्या काठावर ठोकली गेली. कंडक्टरने पुन्हा मोजायला लावले. खुंटी तिथेच पडली. सबुरीने गवत बाजूला करून खणले तर खाली खड्डा होता आणि त्यात चेपलेली जुनी दगडांची भर.

"बघा," दोरवालीचा आवाज चढला. "आधीच्या मालकानं उपटून आणला दगड. सांगत होते मी."

गवंडी हद्दीच्या दगडापाशी उकिडवा बसला होता. "याच्या गळ्याला हे काय घासलंय?"

सगळे वाकले. दगडाला खालच्या अंगाला गुळगुळीत खाच पडली होती, गोल, बोटभर खोल. तशी खाच विहिरीच्या काठाला पडते, दोराने. सगळ्यांनी आधी खाचेकडे, मग सबुरीकडे, मग सासऱ्यांकडे पाहिले.

सासरे जमिनीकडे बघत होते. "आखूड दोरांना ताण द्यायला बांधायचो त्याला," ते म्हणाले. "खुंटा कुठं रोवायचा वेगळा? हा होताच. ओढून ओढून सैल व्हायचा. मग जरा अलीकडं पक्क्या जमिनीत बसवायचो."

"कितीदा?" कंडक्टरने विचारले.

"होईल तेव्हा. माझा बाप पण तेच करायचा."

दोरवालीचे तोंड गोरेमोरे झाले. इतके दिवस ज्या परगावच्या माणसाला ती मनातल्या मनात चोर म्हणत होती, त्याने कधी इकडे पाऊलही टाकले नव्हते.

"म्हणजे," सबुरी अतिशय सबुरीने म्हणाला, "दगड आपणच ओढत ओढत घराकडं आणला. स्वतःची हद्द स्वतःच गुंडाळली."

आधी गवंडी हसला. मग कंडक्टर हसला, इतका की त्याला खांबाला धरावे लागले. सासऱ्यांची मान वर होईना, पण त्यांचेही खांदे हलायला लागले. दोरवाली हसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते.

हसणे ओसरल्यावर कंडक्टरने आपला कागद पुन्हा उलगडून वाचला. आकडा तोच होता, चरापर्यंतचा. "मी घेतलं ते एवढंच आहे तर," तो म्हणाला. "कमी काही झालं नाही. उगाच जास्त धरून बसलो होतो." मग तारेकडे बघून, "तार मात्र माझी आहे हं. ही घेऊन जाणार."

तार सोडवायला सबुरीने हात लावला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून ती चराच्या काठाने बांधली. दगड जुन्या खड्ड्यात पुन्हा उभा केला, आणि ताणासाठी वेगळा लाकडी खुंटा रोवला. तो सासऱ्यांनी स्वतः हलवून बघितला, दोनदा.

पुढचे दिवस घरात बोलायला सवड नव्हती. वाख भिजवायचा, झोडायचा, विंचरायचा. ती मागे मागे चालत जायची, पाठ भरत आली होती, पाय चरापर्यंत जाऊन थांबायचे. तीन पेड ताणून एकत्र पिळायच्या दिवशी कंडक्टर न बोलावता आला आणि खुंट्यापाशी ओढायला उभा राहिला. नावाडी आला तेव्हा दोराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो मुठीतून दोर सोडत चालत गेला. कुठे थांबला नाही. गाडीत दोर भरून घेऊन गेला, आणि पुढच्या वर्षीचा आताच सांगून गेला.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "तो कागद दाखव बरं मला."

तिने नक्कल त्यांच्यापुढे पसरली. त्यांचे बोट धरून त्या दोन बारीक रेघांवर ठेवले. "ही आपली वाट, मामंजी. हे घर. इथं चर."

"एवढीशी?"

"कागदावर एवढीशी."

त्यांनी बोट घरापासून चरापर्यंत नेले, परत आणले. जन्मभर चालून जे संपले नव्हते ते नखाएवढे होते. "माझ्या बापाचं नाव कुठं लिहिलंय?"

"नाव कुणाचंच नाही. सगळ्यांची जागा आहे म्हणून ती राहिली. कुणाच्या नावावर असती तर कधीच विकून झाली असती."

सासऱ्यांनी त्या रेघांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मग ते कागदाची घडी घालू लागले, जपून, जणू फाटेल. "पेटीत तळाला ठेव. हरवला तर आपण मेलो."

"हरवला तर दुसरा आणू, मामंजी."

"देतील?"

"द्यावाच लागतो. जाऊन मागायचा."

"तू नसलीस तर? मी मागितला तर?"

"तुम्हाला पण. कुणालाही."

सासऱ्यांनी घडी अर्ध्यातच सोडली. कागद परत उलगडून त्यांनी तो भिंतीला, चाकाच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टाचायला सांगितला, आणि खिळा आणायला स्वतःच उठले.